प्राजक्ता पळाली

"शेजारची प्राजक्ता पळाली, आणि बरोबर तो..." एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार बंद! मला कुठला धीर? तडक तिच्या आईकडे गेले. आई हसत सुटली. "अहो वहिनी, शर्यतीत पळते ती! पळण्याचे व्हिडिओ टाकते. हे बघा."

मोबाइलवर आमची प्राजक्ता विचुंब्याच्या रस्त्यावर घामाघूम, परवाची शर्यत हरल्याचं सांगत पळत होती. माझेच डोळे भरले. एक संपला की दुसरा. दूध उतू गेलं, तरी आम्ही दोघी बघतोच आहोत.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून पुरुषाचा आवाज आला, "बस आता, राणी. पाणी पी."

आई पांढरीफटक. "वहिनी, ही तर म्हणाली, शूटिंग मैत्रीण करते!"