कोनासाठी पायजे, वहिनी?

हो जी भाऊ, तो फोन मीच कापला — काल सडक अर्जुनीहून केलता ना तुमी, पार्सल कोनी घेऊन नाही राहिलं म्हनून — तो नंबर माझाच. काय करू, आमचे हे बाजूलेच जेवत बसलते. थांबा, थांबा, ते पार्सल गाडीत नका टाकू! त्याच्यावर नाव भूमेश्वरीचं हाय, पन मागवलं मी. मी दुलारी, इथं देवरीच्या बाजूलेच गाव हाय आमचं. एवढंच सांगाले तुमच्या या कुरिअरच्या हापिसात आली. एवढंच.

तुमी म्हनान, देवरीत एवढी दुकानं असून मोबाइलवर काऊन? अजी, सोयीचं रायते म्हनून! दिवाळीत दुकानात पाय ठेवाले जागा रायते का? मोबाइलवर कसं — चुलीजवळ बसून पाहा, नाही आवडलं तं पुढं सरकवा, कोनी तोंड वाकडं करत नाही. कपड्याले हात लावता येत नाही, ते खरं. पन कोनी विचारत बी नाही ना — कोनासाठी पायजे, वहिनी? इथं कापडाचं मोठं दुकान कोनाचं? श्यामलालभाऊजीचं. माझा चुलतदीर लागते तो. बसा म्हनते, चहा सांगते, साड्यांचा ढीग उलगडते, अन् मंग हळूच — कोनासाठी? काय सांगू मी त्याले? माझ्यासाठी म्हनू तं तो रंग माझ्या वयाचा नाही. पोरीसाठी म्हनू तं — पोरगी कुठं हाय आमाले? भूमेश्वरीच्या बापानं तं तिच्या नावाची आंघोळ केली, विहिरीवर, साऱ्या गावासमोर, मयतीवरून आल्यावर करते तशी. जातीबाहेर गेली म्हनून. पोरगा चांगला हाय जी, प्रफुल्ल नाव हाय त्याचं, बौद्धाचा हाय, आयटीआय शिकलेला — पन मी कायले सांगून राहिली तुमाले? तुमी तं त्याचं घर पाहून आले. मीच नाही पाहिलं.

पहिली दिवाळी हाय भाऊ तिची. पहिल्या दिवाळीले पोरगी माहेरी येते, संगं जावई येते, पाटावर बसवून माय लुगडं देते — तुमच्याकडं बी असंच असन ना? मंग म्हटलं, पाट नाही तं नाही, लुगडं तं जाऊ दे. हा फोन बी तिचाच, जाताना कपाटात माझ्यासाठी ठेवून गेली. मोबाइलवरून मागवाले शिकवलं बी तिनंच — माय, पैसे सामान दारात आल्यावरच द्याचे, आधी नाही, लोक फसवते. तेच ध्यानात राहिलं माझ्या, तेच दाबलं मी. तुमी तिच्या दारात जाऊन तिलेच पैसे मागान, हे डोक्यात आलंच नाही हो माझ्या! मायनं पोरीले दिवाळीचं लुगडं धाडावं अन् दारात पैसे मागावं — आग लागो माझ्या अक्कलेले!

अन् ती काय म्हने? आमी कायीच मागवलं नाही — बराबरच म्हने बिचारी. माझं नाव मी कुठंच टाकलं नाही, भीतीच्या मारे. कोनाले समजू नये म्हनून एवढी लपली, का पोरीलेच नाही समजलं. पुडा खोलला असता ना, तं पाहताबरोबर ओळखलं असतं तिनं. मोरपंखी हाय. मागच्या दिवाळीले श्यामलालभाऊजीच्याच दुकानात हट्ट धरून बसलती, मी म्हटलं, आता नको, तुझ्या लग्नात घेऊ.

दार तिनंच उघडलं का जी? कशी हाय? वाळली का? — काय म्हनता? — नाही, नाही, सांगा ना, अर्ध्यावर नका सोडू — पोट दिसून राहिलं? चौकट धरून उभी होती? मायबाई वं. अन् मले कोनी सांगतलं बी नाही. पहिलं बाळंतपन मायच्या घरी रायते भाऊ. तिले आंबट लागत असन, पाय चेपून द्याले कोन असन तिथं —

हे घ्या पैसे, आताच घ्या, अन् उद्या अजून एक डाव जा तिथं. नियम नाही? आजच्या गाडीत गेलं का वापस कंपनीलेच जाते? तुमच्या हातातच हाय ना अजून, भाऊ! तुमाले बी माय असन. पाया पडते तुमच्या. जास्त नका बोलू, दारात एवढंच म्हना — बाई, हे तुझ्या माय —

अव्वा, भाऊजी! या ना, या. दुकानाचा माल सोडवाले आले वाटते? मी? मी तं गोळ्या घ्याले आलती देवरीले, उन्हाचं जराशीक टेकली इथं. डोळे? धूळ गेली जी, हायवेची. हे पार्सल? कोनासाठी म्हनजे — मले काय मालूम कोनासाठी! हे भाऊच विचारत होते पत्ता. नाही जी भाऊ, चुकून राहिले तुमी. सडक अर्जुनीत आमचं कोनी रायत नाही. टाका ते गाडीत.