यमुनाकाकूचं कोमट दूध

मी सोनाळ्याचीच. जन्म इथला, सासरही इथलंच, दोन गल्ल्या सोडून. आमच्या बौद्ध वस्तीतून बीएस्सी झालेली मी पहिली पोरगी, अन् गावच्या दूध केंद्रावर दूध तपासाले बसलेली बी पहिलीच बाई. पहिल्या दिवशी दोघा-तिघाईनं कॅन मांगं ओढली, की इनं आमच्या दुधात पळी घालाची काय. दूध खालवर हलवलं, नमुना काढला, पावती देल्ली. महिन्याभरात झालं सारं सरळ. लोकाईले समजलं का हे कोनाचं तोंड पाहून माप सांगत नाई. त्याचा मले लई गर्व झाला, अन् काय सांगू तुमाले, तोच नडला.

केंद्राच्या भिंतीले लागून यमुनाकाकूचं घर. एकटीच, दोन म्हशी तिच्या. म्हैस पिळली का तशीच बादली घेऊन येणार, पहिला नंबर तिचाच. आता दुधात पाणी हाय का ते पाहाले आमी काचेची नळी सोडतो दुधात, लॅक्टोमीटर म्हनतात तिले, दूध पातळ असलं का ते जास्त बुडते. काकूच्या दुधात ते लागोपाठ तीन दिवस बुडली. चौथ्या दिवशी मी साऱ्या लाईनीसमोर म्हटलं, काकू, पाणी घालणं बंद करा, नाईतर दूध घेणार नाई. काकू म्हने, पोरी, म्या नाई घातलं वं पाणी, म्हशीची शप्पथ. मी म्हटलं, नळी खोटं बोलत नाई. मांगून कोनतरी हासलं. काकूनं बादली उचलली अन् गेली, ते आलीच नाई. मंग भजनाच्या बायका तिच्या घरी चहा पिता पिता म्हनत, काकू, पाणी बेतानं टाकलं ना? तिनं भजनाले जाणं सोडलं.

असे दोन महिने गेले. आमच्या सासूनं म्हैस घेतली होती, एक दिवस मीच पिळली, अन् हौसेनं तसंच दूध केंद्रावर नेऊन तपासलं. नळी बुडाली. म्या सोताच्या हातानं पिळलेलं, पाणी येईन कुठून? तेवढ्यात लाईन लागली, माहं दूध बाजूले राह्यलं. लाईन सरल्यावर पाह्यलं तं तेच दूध, तेच नळी, अन् आता वर! तवा आठवलं, बापा. ट्रेनिंगमधी शिकवलं होतं मले, पहिले थर्मामीटर लाव, कोमट दूध पातळच दिसते. आमचं थर्मामीटर काकूले बोलाच्या त्याच हप्त्यात फुटलेलं, अन् म्या म्हटलं चालते. बाकीच्याईचं दूध दुरून येता येता थंड होये. काकू तं भिंतीपलीकडून येये.

आमच्या दूध सोसायटीचे सचिव म्हने, वर्षाताई, घरी जाऊन माफी मागा, चारचौघात नका सांगू, उद्या जो तो म्हनीन नळीच खोटी. म्हनून मी काकूच्या घरी गेली. काकूनं सारं ऐकलं. म्हने, चोर केलं ते साऱ्याईसमोर, अन् माफी काऊन चुलीपाशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईनीसमोर उभं राहून सांगितलं. सचिवाचं बी खोटं नवतं, आठ दिवस ज्याचं त्याचं भांडण, खरं पाणी घालणारेबी भांडले. मंग नवीन थर्मामीटर आणलं, ज्याच्या त्याच्या डोयासमोर लावू लागली. नवव्या दिवशी काकू आली. बादली ठेवली; म्या थर्मामीटर लावलं, दूध थंड झाल्यावरच नळी सोडली, ते वर राह्यली, अन् काकू पाहत राह्यली.

आताची गोष्ट सांगते. मांगच्या हप्त्यात काकू रिकाम्या हातानं आली. म्हने, एक म्हैस आटली हाय, अन् दुसरीच्या कासेले सूज हाय, डॉक्टरनं इंजेक्शन देल्लं, त्याची दवाई दुधात उतरते म्हने, लेकराईच्या पोटात नको जायाले, डॉक्टर सांगीन तवर माहं घेऊ नको. मले तपासाची गरजच नाई पडली, तिनं सोताहून सांगितलं. तिची म्हैस लवकर बरी होवो, अन् काकूबी धडधाकट राहो, मले अजून काय पाह्यजे.