दुसरं हॉस्पिटल

माझ्या पोरीचं, सोनलचं ऐका. पोलीस भरतीत धावण्यात पहिली आली, अन् हॉस्पिटलात मेडिकलला बीपी जास्त म्हणून अनफिट. आम्ही नागपूरच्या हायकोर्टात गेलो. धरमपेठेतल्या वकिलांनी तिला विचारलं, “घरी नॉर्मल राहते, मंग तिथंच काहून वाढते वं?”

“माही आई त्याच हॉस्पिटलात वारली, सर.”

वकिलांनी दुसऱ्या हॉस्पिटलात फेरतपासणी मागितली, कोर्टानं दिली. तिथं बीपी नॉर्मल निघालं, पोरगी फिट झाली. नर्सनं गमतीनं माझ्याही दंडाला पट्टा बांधला.

“काका, तुमचंच वाढून राहिलं. पोरगी पास झाली, आता कशाचं टेन्शन?”

म्हटलं, “घरी जाऊन कोणाले सांगू, हाच विचार करून राहिलो.”