मार्चपर्यंत थांबा

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या गॅरेजमध्ये हिवाळी टायर बसवून घेत होतो. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात टेस बसली होती.

“मिशिगन विद्यापीठवाले प्रवेशाला नाही म्हणाले?”

“नाही म्हटलं नाहीये, आजोबा. निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकललाय. आधी त्यांच्या राज्यातली मुलं. आपण ओहायोचे, म्हणजे बाहेरचे.”

“बाहेरचे? अगं, त्यांची हद्द इथून दिसते!”

“तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. तिथे गेलीस तर ख्रिसमसला घरात घेणार नाही, म्हणाला होतात.”

“ते ओहायो आणि मिशिगनचं फुटबॉलचं जुनं भांडण. त्यांना शिव्या मी घालायच्या. त्यांनी माझ्या नातीला दाराबाहेर उभं ठेवायचं नाही!”

“आता त्यांना पत्र लिहायचंय, की मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय.”

“त्यांनी ताटकळत ठेवायचं, आणि वर आपणच गोडवे गायचे?”

“हो. मला खरंच तिथेच जायचंय, आजोबा.”

“...डोळे पूस. लिही. लहानपणापासून मी तुमच्याच संघाची चाहती आहे.”

“आजोबा, खोटं आहे ते!”

“पुढे लिही. माझे आजोबासुद्धा तुमचाच सामना बघतात, तुम्ही जिंकलात की उभे राहून टाळ्या वाजवतात.”

“आजोबा! तुम्ही?”

“हळू बोल. सगळे ओहायोचे बसलेत इथे.”