त्र्यंबक कासाराचं मुकं यकृत

मंडळी, आज एकच प्रश्न. घरातला जो माणूस कधीच तक्रार करत नाही, तो सुखी आहे असं समजायचं का? — माना डोलावू नका, आधी ऐका!

त्र्यंबक कासार. बांगड्यांचं दुकान. बाईचं मनगट नुसतं बघून माप सांगणार! दारूचा थेंब नाही. आठवड्याला तीन उपास! आणि उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचे चार लाडू! — हसताय? हसा! तुमचेही डबे पाहिलेत मी!

त्याची थोरली बहीण, मथुराक्का, दवाखान्यात पडली. डोळे हळदीसारखे. यकृत आटून दगड झालेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निरोगी नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा बसवला, तरच वाचतील."

"माझा घ्या!" त्र्यंबक म्हणाला. रक्तगट जुळला. यकृताच्या रक्ततपासणीचे आकडेही नीट.

मग सोनोग्राफी. अंधारी खोली, पोटावर गार जेली. पडद्यावर मूत्रपिंड करडं... आणि शेजारी यकृत — पांढरंफटक! धुक्यात बुडालेल्या गावासारखं. शिरांच्या कडासुद्धा दिसेनात.

"ही चरबी. असं यकृत घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण आकडे तर बरे होते!"

"पेशींना इजा झाली की आतला रस रक्तात सांडतो. तो आम्ही मोजतो. चरबी नुसती साचत राहिली, तर आकडा गप्पही राहतो."

भर दुपारी तो अक्काच्या खाटेशी बसला, पडद्यावरचं सगळं तिला सांगितलं. तिनं हात उचलला — बांगड्या घरंगळत थेट कोपरापर्यंत! माप सांगणाऱ्यानं मान खाली घातली.

"त्र्यंबका, तुझं दुखतंय का रे काही?"

"नाही अक्का. काहीच नाही."

तिनं बांगड्या पुन्हा मनगटावर ओढल्या.

"माझंही नव्हतं दुखत," म्हणाली. "माझंही आधी असंच पांढरं होतं."

मंडळी, तो तडक उठून डॉक्टरीणबाईंकडे गेला! चरबी उतरवायला त्यांनी दहा आठवडे दिले. साबुदाणा सुटला, लाडू सुटले, रोज मैलोन् मैल चालणं. तिकडे अक्काच्या बांगड्या दिवसेंदिवस सैल... शर्यतच ही! दहाव्या आठवड्यात पुन्हा पडदा — धुकं विरलेलं, शिरा दिसल्या! तुकडा निघाला, बसला. आज अक्काच्या मनगटात बांगड्या घट्ट आहेत. त्या बघा, तिसऱ्या रांगेत! वाजवा हो अक्का!

आता उजव्या बरगडीखाली हात ठेवा. सगळ्यांनी! — दुखतंय काही? नाही? काही ऐकू येतंय?

नाही ना?

त्र्यंबकालाही येत नव्हतं.