पेटीतले तांदूळ

गाडीत सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, बसवायचं खूळ माझं, हां. पण त्याची पेटी बनवली आमच्या बाबांनी. बाबा सुतार. बोरीवलीला बिल्डिंगखाली बसून त्यांनी गाडीच्या डिकीत बसेल अशी तिरकी पेटी ठोकली. आत किती लिटर जागा आहे, ते मी टेप लावून मोबाईलवर काढलं. उत्तर आलं चाळीस.

बाबा म्हणाले, "भायरसून मापून आतला कसा कळतला रे? प्लायची जाडी खंय गेली?"

मग त्यांनी गावाहून आलेले तांदूळ स्पीकरच्या भोकातून पेटीत काठोकाठ ओतले आणि पाच लिटरच्या डब्याने मोजून परत काढले. सहा डबे भरले.

"तीस. लिही."

आई पुढचे आठ दिवस तांदळातून भुसा निवडत होती आणि आमच्या दोघांशी बोलत नव्हती.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा अंधेरीत गाडी दाखवायला नेली, तर मेकॅनिक म्हणाला, "बेस वाजला की पेटीत काहीतरी खुळखुळतंय. खोलून साफ करून देतो, दहा मिनिटांचं काम."

म्हटलं, "तांदूळ आहेत. राहू देत."

 मी गाण्याचा आवाज थोडा वाढवला.