तेवढा फ्लेक्स उतरवा

न्हाई न्हाई, त्यो मोबाईल आधी खाली ठिव, मग बोल. ठिव गं पोरी, त्या डब्याला टेकवून नको, दिसतंय मला — म्हातारी झाले म्हनून काय आंधळी न्हाई झाले. उपडा ठिव. हां. आता चहा घे. रेश्मा म्हनलीस न्हवं नाव? भिंगारवरनं आलीस, एवढ्या उन्हाची, एसटीत उभी ऱ्हाऊन, तर चहा घेऊन जा, बस निवांत, पर शूटिंग-बिटिंग काय करायचं न्हाई. तुमच्या मंडळाचा पुरस्कार मला नको. अगं खरंच नको. लाजत-बिजत न्हाई मी, ह्या वयात काय लाजायचं? दुसऱ्या कुनाला तरी द्या की. डोंगरावर झाडं लावनारा मास्तर हाय, ती रगत देनारी पोरं हायेत, हौसेनं उभी ऱ्हातील स्टेजवर. झुंबरबाईचं नाव काढून टाका आन स्टँडवरचा त्यो फ्लेक्स, तेवढा आजच्या आज उतरवा. तेवढं केलंस तरी लई उपकार हुतील.

आता तुमच्या मंडळानं न्हाई लावला, म्हाईत हाय मला. मच्छिंद्रानं लावला. माजा पुतन्या. मन लई मोठं हाय पोराचं, पर डोक्याच्या नावानं आनंदच. तुमचा फोन आला न्हवं, म्हातारीला पुरस्कार जाहीर झाला म्हनून, तर ह्यो गडी मला न इचारता गेला आन छापून आला, ह्या भिंतीएवढा. वर माजा फोटो, पदर डोईवरनं, कुनाच्या तरी लग्नातला कापून काढलेला, आन खाली मोठ्या अक्षरात, 'अंत्यस्नान सेविका'. मला वाचता येत न्हाई, नातीनं, दिशानं वाचून दाखवला. बरं, एवढ्यावर भागलं असतं. पर फ्लेक्स म्हनला की खाली शुभेच्छुक पाहिजेत, न्हाई का? मग एका कोपऱ्यात सोता मच्छिंद्र, गॉगल लावून, फोन कानाला — आन दुसऱ्या कोपऱ्यात कोन, तर आमचे व्हनारे व्याही! श्रीगोंद्याचे श्रीमंतराव, विहीनबाई आन नवरदेव, पार्थ. तिघं बी हात जोडून हसत्यात. सुपारी फुटून हप्ता झाला न्हवता गं! ह्याला वाटलं, नवी सोयरीक हाय, मान दिला. आता तूच सांग, वर मयताला आंघूळ घालनारी म्हातारी आन खाली हात जोडलेली तीन मान्सं — बघनाऱ्यानं काय समजायचं? वरच्या आळीचा एक म्हातारा तर स्टँडवर थांबून लोकान्ला इचारत हुता, ही समदी एकदमच गेली का काय, अक्शिडंट झाला का म्हनून. हास, हास, मी बी हासले त्या दिवशी. डोळ्यातनं पानी आलं हासून.

हासायचं तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी दळान घेऊन गिरनीत गेले, तर माज्या डब्याशेजारचा डबा एकीनं उचलून पलीकडं नेला. उगं आपला उचलला, जसं काय तिथं पंखा जास्त लागत हुता. तीच बाई, हिची सासू मीच न्हाऊ घातली हुती! हिनं सोता पानी वतलं माज्या हातावर. अगं म्हाईत तर समद्यान्ला हुतंच की, गावात काय लपून ऱ्हातंय व्हय? पर तोंडानं कुनी बोलायचं न्हाई. मी मयताच्या घरचा पान्याचा घोट घ्यायची न्हाई, परसात न्हाऊन लुगडं बदलूनच उंबऱ्याच्या आत यायची, आन दुसऱ्या दिवशी त्याच बाया मला लोनच्याच्या कैऱ्या फोडायला बोलवायच्या, बाळंतिनीचं पोट चोळायला बोलवायच्या. ते चालत हुतं. तुमी त्याला नाव दिलं, अक्षरं छापली, आन समद्यान्ला एकदम आठवन झाली.

कुनी शिकवलं म्हनतीस? शिकवायचं काय त्यात. दिवाळी झाली की आमचा गाव कसा असतो, तुला ठावं न्हाई. समदी कोयत्यावर. ट्रक भरभरून जात्यात ऊस तोडायला, कारखान्यावर, मागं ऱ्हात्यात म्हातारी मान्सं आन शाळंतली पोरं. मी मागं, मालक अंथरुनाला खिळलेले म्हनून. अशात वस्तीवरची एक म्हातारी गेली. लेक-सून फडात, निरोप गेला, पर टेम्पो मिळून येस्तवर दीस मावळनार. अंगनात म्हातारे गडी तिरडी बांधून बसलेले, आन ती आत तशीच, भुईवर, पोतेऱ्यावानी. बाईच्या अंगाला गड्यांनी हात लावायचा न्हाई, आन बाई तर कुनी न्हाई. मग काय करायचं? पदर खवला आन गेले आत. भ्या वाटलं का? वाटलं की. लई वाटलं. म्हनून तर बोलाया लागले तिच्यासंगं — मामी, हात उचला जरा, लुगडं नेसवायचंय, लेक येनार हाय तुमचा — आन आला बघ हात. खोटं सांगत न्हाई. तवापासनं तीच सवय. बोलल्याबिगर मला नेसवताच येत न्हाई. सवाशीन असली की हिरवं नेसवायचं, मळवट भरायला दुसरी सवाशीन बघायची, मालक गेल्यावर त्यो मान माजा न्हाई. पर केस मात्र मीच इंचरते. केस इंचरल्याबिगर मी कुनालाच लावून दिली न्हाई, मग ती जळालेली असू दे, न्हाईतर हिरीतनं काढलेली. किती झाल्या? कोन मोजतंय गं! ती काय मोजायची गोष्ट हाय? फ्लेक्सवर 'शेकडो' छापलंय, ते मच्छिंद्राच्या मनानं.

हळू बोल. दिशा मागं धुनं धुतीय. नात माजी, लेकाची, गोरक्षची पोरगी. गोरक्ष आन सून सविता आत्ता बी फडातच हायेत. अंगावर पीत हुती पोरगी तवापासनं सविता माज्याकडं ठिवून जायची. मीच वाढवली. तिचंच लगीन ठरलंय पार्थसंगं. आन ते आता अडलंय ह्या फ्लेक्सपायी, म्हनून म्हनते, उतरवा. व्याही फुगलेत. फुगनारच की, त्यांचं काय चुकलं? पावन्यारावळ्यांत समद्यांच्या मोबाईलवर गेला त्यो फोटो. श्रीमंतरावांचा फोन आला, मला तर बाई धडकीच भरली, म्हनलं मोडली सोयरीक. ते काय म्हनले? ते म्हनले — आता काय म्हनायचं त्यांनी — म्हनले, झुंबरबाई, आमचा फोटू तरी बरा छापायचा, माजी मिशी पार पुसून गेली. हासत हुते. विहीनबाईंनी फोन घेतला, म्हनल्या, आमच्या आत्याबाई गेल्या तवा बाई मिळंना, तुमच्यासारखी एखादी असती तर बरं झालं असतं. कार्यक्रमाला येतो म्हनले. शाल बी आमीच घालतो म्हनले.

तशी का बघतीस? व्हय, आत्ता मीच म्हनले फुगलेत म्हनून. म्हनले आसंल. दुसरं काय सांगू तुला? परक्याच्या नावावर ढकललं की बोलाया सोपं जातं. व्याही न्हाई फुगले. दिशा. आमची दिशाच.

पाथर्डीला जाती ती कॉलेजला. तिथं पोरींनी त्योच फ्लेक्स दावला तिला मोबाईलवर. काय बोलल्या, ती सांगत न्हाई. त्या दिवशी घरी आली, जेवली न्हाई. मी म्हनलं, बस, तेल लावते डोक्याला. एवढीशी हुती तवापासनं तिची वेनी मीच घालते, आजून बी, कॉलेजला जाती तरी. तर ती लांब सरकली. म्हनती, आज्जी, एक इचारू, खरं सांगशील? मला ज्या फनीनं इंचरतीस, तीच नेतीस का गं तिकडं? ... थांब, पानी पिऊ दे मला घोटभर. अगं, फनी त्यांच्या घरचीच असती! ज्या बाईची तिचीच, आन ती तिच्यासंगंच जाती, माघारी येत न्हाई. सांगितलं मी दिशाला. हात जोडून सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, न्हाई असं न्हाई. मान हालवली. आन दुसऱ्या दिवसापासनं आरशात बघून सोताची सोता वेनी घालती. येत न्हाई तिला. भांग वाकडा जातोय. मी बघत बसते.

वाईट न्हाई गं पोरगी, तसं मनात आनू नको. तिचं लगीन हाय. तिला वाटतं, विधवा असले तरी आज्जी म्हनून हळद लावायला माजा हात आला की समद्या बाया त्या हाताकडं बघतील. बघतील बी, गिरनीतल्या बाईवानी. मग म्हनली, आज्जी, हळदीला तू हात लावू नको. बरं म्हनलं. पुरस्कार घेऊ नको, स्टेजवर जाऊ नको. बरं म्हनलं. लगीन होस्तवर कुनाच्या बी मयताला जायचं न्हाई. इथं बरं न्हाई म्हनले. म्हनलं, दिशा, मरान काय तारीख बघून येतं का? तर रडाया लागली. लहानपनी आई-बाप टेम्पोत बसून जायचे तवा रडायची ना, तशी, हुंदकं देत. मग दिला शबूद. तिच्या डोक्यावर हात ठिवून देनार हुते — तर तिनं डोकं मागं घेतलं. तसाच दिला, तोंडानं.

आन तुला म्हनून सांगते, पाहिजे हुता मला त्यो पुरस्कार. लई पाहिजे हुता. खोटं कशाला बोलू? आयुष्यात माजं नाव कुनी माईकमधनं घेतलं न्हाई. तुमचा फोन आला त्या दिवशी मी पेटीतलं जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं हुतं. दिशानंच घडी घातली त्याची, सांजच्याला. तवा ती बी खूश हुती, म्हनली, आज्जी, स्टेजवर चष्मा घाल, भारी दिसतीस. फ्लेक्स लागायच्या आधीची गोष्ट ही. आता ते लुगडं बी तिच्या लग्नात नेसावं का न्हाई, कळत न्हाई. तिलाच इचारीन. न्हाई म्हनली तर न्हाई.

कोन हाय गं भायेर? थांब, बोलू नको जरा. बजरंगचा आवाज हाय. मळ्यातला बजरंग. त्याची आई, मुक्ताबाई, लई दिवस झाले अंथरुनात हुती. असा धापा टाकत आलाय म्हंजी... दिशा गेली बघ पुढच्या दाराला. गप. ऐकू दे.

काय म्हनली ती? मला ह्या कानानं नीट येत न्हाई, तू सांग. आज्जी घरी न्हाई? असंच म्हनली? ... व्हय. मला बी तसंच ऐकू आलं.

मी कुठं उठले? बसलेच हाय की. हात का धरतीस? शबूद दिलाय मी, जानार न्हाई. पर बजरंगच्या घरात बाई न्हाई गं. बायकू टाकून गेली, बहीन फडात. त्यो एकटा काय करील आईला? त्याला साधं कुकू कुठं ठिवलंय ते ठावं न्हाई. न्हाई, मी न्हाई जानार. दिशा खोटं बोलली ते बी माज्यापायीच बोलली, आता मी पुढच्या दारातनं निघाले तर तिचं तोंड कुठं ऱ्हाईल गावात? तू जा. परसातनं जा, तिला दिसू नको, बजरंग वढ्याकडच्या वाटंनं जाईल, गाठ त्याला. सांग, हनुवटी आत्ताच बांध म्हनावं फडक्यानं. डोळं झाक. पाय जवळ घे, हात अंगाबरुबर सरळ ठिव, मग थोड्या टायमानं वळत न्हाईत, लुगडं नेसवता येत न्हाई. पानी सोसंल एवढंच गरम करा. आन आत कुनी बी जाऊ दे, कुनाला बी बोलव, पर मुक्यानं करू नका म्हनावं, तिला हाक मारून करा. आन माजं नाव घेऊ नको. कुनी सांगितलं म्हनला तरी घेऊ नको. समजलं का? उठ, उठ लवकर, चहा ऱ्हाऊ दे —

— व्हय गं दिशा, निघाल्याच त्या. सांगितलं की. पुरस्कार नको म्हनून सांगितलं मी त्यान्ला.